न मागितलेला नंबर

१२ जानेवारी, सोमवार

जर्मन शिकवणाऱ्या सरांनी बजावलंय, रोज थोडं तरी जर्मनमध्ये लिहा. लिहिलं. हवा थंड आहे, मी नर्स आहे, माझे वडील आजारी आहेत. पण मनातलं काही त्या भाषेत अजून उतरत नाही, म्हणून वहीची उरलेली पानं मराठीत.

आज वॉर्डात असताना मोबाईलवर मेसेज आला. तुमच्या ईमेल खात्यात शिरायचा सहा आकडी नंबर हा, कुणाला सांगू नका. मी तर ईमेल उघडलाच नव्हता. कुणी चुकून माझा पत्ता टाकला असेल.

पण तेवढ्यावर सोडवेना. माझं सगळं त्या एका ईमेलात आहे. सर्टिफिकिटं, जर्मनच्या परीक्षेचा निकाल, नर्सांना परदेशी पाठवणाऱ्या कोचीच्या एजन्सीची पत्रं. २० फेब्रुवारीला जर्मनीतल्या हॉस्पिटलबरोबर व्हिडिओवर मुलाखत आहे, तिची लिंकसुद्धा तिथंच येणार.

१३ जानेवारी, मंगळवार

पुन्हा नंबर. तसाच, दुपारी, मी ड्यूटीवर असताना.

वॉर्डातल्या प्रियदर्शनीला दाखवला. ती म्हणाली, "अंजनी, हा नंबर कधी येतो? पासवर्ड बरोबर टाकला की येतो. कुणाला तरी तुझा पासवर्ड माहीत आहे गं."

संध्याकाळी घरी थोरल्या बहिणीला, आक्काला सांगितलं. ती आप्पांचे पाय चोळत होती. आप्पांचा कंपवात थंडीत वाढतो. ज्या हातांनी तीस वर्षं मागावर साड्या विणल्या, ते हात आता पाण्याचा पेला धरू शकत नाहीत. आक्का म्हणाली, "लक्ष देऊ नकोस. कसला तरी फ्रॉड असंल." मग थोड्या वेळानं विचारलं, "तो नंबर किती येळ चालतोय?"

"दहा मिनिटं असंल," मी म्हटलं. "का गं?"

"काय न्हाय, आसंच."

आक्कालाही काळजी लागली बिचारीला.

१६ जानेवारी, शुक्रवार

पासवर्ड बदलला. प्रियदर्शनीनं सांगितलं तसा लांबलचक ठेवला. मी वेंधळी, माझ्या लक्षात राहायचा नाही, म्हणून आक्काला सांगून ठेवला. जुनाही तिलाच पाठ होता. अर्ज भरताना तीच शेजारी बसायची आणि माझं इंग्रजी सुधारायची. आई गेल्यावर आक्का निपाणीहून आली आणि या घराला पुन्हा घरपण आलं. निपाणीत ती मुलींच्या होस्टेलची वॉर्डन होती. साठ पोरींना सांभाळणारी बाई, एक पासवर्ड सांभाळणं तिला काय जड.

मन हलकं झालं.

१९ जानेवारी, सोमवार

आज नंबर आला. नवा पासवर्ड असूनही आला.

एका पेशंटला सलाईन लावायचं होतं, शीर सापडेना. संध्याकाळी ईमेल उघडला तर त्यात इशारा: कुणीतरी खात्यात शिरायचा प्रयत्न केला. ठिकाण: बेंगळूरु.

बेंगळूरुत मी एकाच माणसाला ओळखते.

२० जानेवारी, मंगळवार

सूरजचं नाव मी आपणहून घेतलं नाही. आक्कानंच घेतलं.

सूरज इथल्याच येळ्ळूर गावचा, नोकरी बेंगळूरुत. गेल्या दिवाळीत आमचं जमत आलं होतं. त्यानं म्हटलं, जर्मनी सोड. मी म्हटलं, नाही सोडणार. तिथंच बोलणं मोडलं. भांडण असं झालं नाही, पण मोडलं.

"त्याचंच काम असणार," आक्का म्हणाली. ती भाकरी थापत होती, माझ्याकडं बघितलं नाही. "तू गेली न्हाय पायजेस आसं त्यालाच वाटतंय. दुसऱ्या कुणाला वाटणार?"

मला पटेना. सूरज रागीट आहे, पण लपूनछपून काही करणारा वाटला नाही. आणि नवा पासवर्ड त्याला कसा कळला? प्रियदर्शनी म्हणते, हल्ली लोक मोबाईलमध्येच काहीतरी घुसवून ठेवतात, आपण दाबतो ती अक्षरं तिकडं दिसतात. आता मोबाईल हातात घेतला तरी कुणीतरी खांद्यावरून बघतंय असं वाटतं. नवा पासवर्ड घरात फक्त आक्काला माहीत. म्हणजे कुणालाच नाही.

२५ जानेवारी, रविवार

माझा थोरला भाऊ, अण्णा, आला होता. सांब्र्याला वेगळा राहायला गेल्यापासून तो रविवारी येतो, आप्पांच्या पायाशी बसतो, चहा घेतो आणि जातो. आज आक्कानं त्याला सगळं सांगितलं. अण्णा ताडकन उठला.

"त्याच्या आयला! आमच्या पोरीच्या खात्यात शिरतोय?"

"अण्णा, अजून खात्री न्हाय," मी म्हटलं.

"खात्री काय करायची हाय?"

गाडी काढून तो थेट येळ्ळूरला गेला. सूरज नव्हताच तिथं. त्याची आई जयाबाई एकटी होती. तिला दारात उभं करून गल्लीला ऐकू जाईल असं बोलून आला. हे तो परत येऊन मोठ्या तोंडानं सांगत होता. दिवाळीत त्याच बाईनं माझी ओटी भरली होती.

आक्का आत निघून गेली. अण्णाचा चहासुद्धा मीच केला.

२९ जानेवारी, गुरुवार

भयंकर दिवस. उद्यमबागच्या एका फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाचा रस उडाला, पाच जण भाजून आले. आम्हा सगळ्यांना खाली कॅज्युअल्टीत बोलावलं. एकाच्या पाठीला चिकटलेला शर्ट मी कापून काढत होते, तेवढ्यात काउंटरवरून प्रियदर्शनी ओरडली, "अंजनी, तुझ्या आक्काचा फोन! गॅसवाला दारात आहे, मोबाईलवर नंबर आलाय का विचारते."

"आलेला नंबर वाचून दाखव तिला," मी म्हटलं. माझे हात रक्तानं माखले होते.

तिनं वाचून दाखवला.

भाजलेल्यांतला एक पोरगा निपाणीकडचा. सारखा म्हणत होता, घरात सांगू नका. त्याचा हात धरून बसले. सहा वाजता ड्यूटी संपली तरी हात सुटेना.

घरी आल्यावर आक्काला विचारलं, गॅस मिळाला का. ती म्हणाली, नंबर जुळला नाही म्हणून तो माणूस परत गेला. तिचे डोळे लाल होते. कांदा चिरत होते, म्हणाली.

४ फेब्रुवारी, बुधवार

नंबर येणं थांबलंय! अण्णाची मात्रा लागू पडली म्हणायची. जयाबाईचं वाईट वाटतं, पण सूरजला धडा मिळाला.

आता रोज संध्याकाळी मुलाखतीची तयारी. काल आक्कानं माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. किती दिवसांनी. आज माझ्या आवडीची बांगड्याची आमटी केली. मी म्हटलं, "आक्का, तिकडं जाऊन मला तुझ्या हातचं आठवणार बघ." ती ताट उचलून न्हाणीत गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

माझ्या जाण्यानं तिला वाईट वाटतंय. मलाही वाटतंय.

९ फेब्रुवारी, सोमवार

लिंक अजून आली नाही. एजन्सीनं आठ तारखेपर्यंत पाठवतो म्हटलं होतं. आक्का म्हणते, धीर धर, येईल.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज न राहवून कोचीला फोन केला. एजन्सीतल्या बाई गोंधळल्या. म्हणाल्या, "पण अंजनी, तुम्हीच तर नाव मागं घेतलंत. २९ जानेवारीला."

जिन्यात खाली बसले. बाईंनी ती ईमेल मला परत पाठवली. माझ्याच पत्त्यावरून गेलेली. माझ्या खात्यातून मात्र पुसून टाकलेली.

चार ओळींची आहे. नीटस इंग्रजी. शेवटचं वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. "माझे वडील अंथरुणाला खिळलेले आहेत आणि त्यांच्याकडे बघायला घरात दुसरं कुणीही नाही."

कुणीही नाही! धडधडीत खोटं. आक्का आहे की घरात! जो कोणी हरामखोर असेल, त्याला आमच्या घरातलं एवढंही माहीत नाही.

आक्काला दाखवली. तिनं वाचली आणि मोबाईल परत दिला. म्हणाली, "आता काय करणार?"

"पोलिसांत जाणार."

"अंजू," ती म्हणाली. मी थांबले. ती आप्पांना पाणी द्यायला उठली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काल सायबर ठाण्यात गेले. अण्णा येतो म्हणाला आणि त्याला काम निघालं, म्हणून एकटीच. टेबलामागच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "यार मेले संशय इदे?" कुणावर संशय आहे?

मी सूरजचं नाव सांगितलं. बेंगळूरुचा इशारा दाखवला. त्या म्हणाल्या, त्याला फारसा अर्थ नाही. मोबाईलचं इंटरनेट कुठूनही फिरून जातं, त्यांच्या स्वतःच्या फोनचं ठिकाणसुद्धा बेंगळूरु दाखवतं. मग विचारलं, "आलेला नंबर तुम्ही कुणाला सांगितला होता का? नंबर दिल्याशिवाय आत शिरता येत नाही."

"कुणालाही नाही," मी म्हटलं. शपथेवर.

तरी त्यांनी सूरजचं नाव लिहून घेतलं. चौकशीला बोलावतील.

आज आक्का जेवली नाही. आप्पांना भरवलं आणि तशीच पडून राहिली. तिलाही धक्का बसलाय.

१५ फेब्रुवारी, रविवार

सूरजचा फोन आला. घेऊ की नको करत घेतला.

"पोलिसांनी बोलावलंय मला," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, त्यानंच जास्त भीती वाटली. "हापिसात फोन आलता, सगळ्यांसमोर. तुझा अण्णा माझ्या आईला काय काय बोलून गेला ते मी गिळलो. आता हे पण गिळू?"

"मग माझ्या खात्यात कोण शिरलं?"

"मला काय म्हायती! तू जर्मनीला जाऊ नकोस म्हटलो, व्हय, तोंडावर म्हटलो. मागनं कशाला करू? आणि मला तुझा पासवर्ड कुठनं म्हायती असणार? कुणाला म्हायती हाय, ते बघ की!"

त्यानं फोन ठेवला.

कुणाला माहीत आहे? आक्काला. मी हे मघाशी लिहिलं आणि पेन तसंच धरून बसले आहे. नाही. असलं लिहायचंसुद्धा नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी कामावर गेल्या गेल्या प्रियदर्शनीला गाठलं. "भाजलेले पेशंट आले त्या दिवशी तू आक्काला नंबर वाचून दाखवलास. आठवतंय?"

"हो."

"गॅसचा होता?"

ती विचारात पडली. "मी वरचा शेवटचा मेसेज वाचला. सहा आकडे होते. आमच्या गॅसचा नंबर चार आकडी असतो, त्यामुळं मला जरा..." तिलाही कळलं.

मोबाईलमधले त्या दिवसाचे मेसेज काढले. गॅस माझ्या नावावर आहे. बुकिंग केलं की मेसेज येतोच. त्या दिवशी गॅसचा एकही मेसेज नाही. फक्त तो एक नंबर.

सुट्टी टाकून घरी आले. वडगावच्या गल्लीत सगळीकडं मागांचा खडखडाट चालू होता. आक्का आप्पांना भात भरवत होती. मी दारातच उभी राहिले.

"आक्का, त्या दिवशी गॅस आलताच न्हाय."

तिनं आप्पांचं तोंड पुसलं. "न्हाय," म्हणाली.

"ती ईमेल तू लिहिलीस?"

"व्हय."

"का?"

"त्यात लिहिलोय की. वाचलीस न्हवं?"

"त्यात लिहिलंय, घरात दुसरं कोण न्हाय! तू हाईस की!"

"तेच," आक्का म्हणाली. तिनं ताट खाली ठेवलं. "मी हाय. म्हणून अण्णाला सांब्र्यात ऱ्हायला येतंय. म्हणून तुला जर्मनीला जायला येतंय. मी निपाणीस्नं आलतो ते चार महिन्यांसाठी आलतो, अंजू. चौथं वर्स लागलं. तू अर्ज भरताना मी शेजारी बसायचो. वडिलांकडे कोण बघणार, आसा एक रकाना होता. तू मला न विचारता माझं नाव घातलीस. मान वर करून बघितलीस पण न्हाय."

"मग बोलायचं होतंस!"

"बोललो असतो तर तू म्हटली असतीस, आक्का, दोन वर्सं काढ. आणि मी व्हय म्हटलो असतो. मला म्हायती हाय मी कशी हाय ते."

आप्पा आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघत होते. त्यांची मान हलत होती, पण ती नेहमीच हलते.

"आणि सूरजचं नाव का घेतलीस?"

आक्काचा चेहरा तिथं पडला. "तेवढं करायला नको होतं," ती म्हणाली. "बाकीचं मला सोसतंय. ते न्हाय सोसत."

मी तिला नाही नाही ते बोलले. ते इथं लिहीत नाही. ती सगळं ऐकत राहिली आणि ताट घासायला घेऊन गेली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आक्काशी बोलणं बंद.

पासवर्ड बदलला आणि पहिल्यांदाच कुणाला सांगितला नाही. ठाण्यात जाऊन तक्रार मागं घेतली. घरातलाच गैरसमज होता, एवढंच बोलले. त्या बाईंनी पुढं विचारलं नाही. कदाचित असे गैरसमज त्यांच्याकडं रोज येत असतील.

तिथून येळ्ळूरला गेले. जयाबाईंच्या पाया पडले. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण बसही म्हटल्या नाहीत. "गल्लीत ऐकू गेलं सगळं," एवढंच म्हणाल्या. "आता तू आलेली कुणाला ऐकू जायची न्हाय." सूरजला मेसेज केला. त्यानं वाचला. उत्तर नाही.

मग कोचीला फोन. ती ईमेल माझी नव्हती, हे पासपोर्ट हातात धरून व्हिडिओवर सांगावं लागलं. बाईंनी बराच विचार केला. म्हणाल्या, २० तारखेची वेळ अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही, मी विचारून बघते. "पण अंजनी, वडिलांचा प्रश्न तिकडचे लोक विचारणारच. तिथं गेल्यावर महिन्याभरात परत आलेल्या मुली आम्ही पाहिल्यात."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लिंक आली. उद्या दुपारी अडीचला.

आक्कानं माझी निळी साडी इस्त्री करून खुंटीला लावली आहे. कधी केली कळलं नाही. मी आभार मानले नाहीत.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी उठले तर आक्का तयार होऊन बसलेली. चांगली साडी, खांद्याला पर्स.

"मी निपाणीला जाऊन येतो," म्हणाली. "संध्याकाळी येतो. आप्पांच्या गोळ्या खिडकीत हाईत."

"आज?" मला खरंच वाटेना. "आज माझी मुलाखत हाय!"

"म्हायती हाय."

आणि ती गेली. सूड उगवते, असंच मला वाटलं. फोन करून अण्णाला बोलावलं. त्याला गिऱ्हाईक होतं.

आप्पांना उठवलं, न्हाऊ घातलं. हॉस्पिटलात मी रोज पेशंट उचलते, पण तिथं दुसऱ्या बाजूला कुणीतरी असतं. बाराला भरवलं, सव्वा तास लागला. अर्धा भात माझ्या अंगावर. साडी नेसायला दोन वाजून गेले.

मुलाखत चांगली चालली होती. पडद्यावर दोन जर्मन बायका, एक म्हातारी, एक तरुण. जखम कशी धुतात, रात्री पेशंट घाबरला तर काय करता. मी बोलत होते. चुकत होते, पण बोलत होते. आणि आतून धप्पकन आवाज आला.

क्षणभर मी पडद्याकडंच बघत राहिले. एक क्षण, पण राहिले. मग "माझे वडील" एवढंच म्हटलं आणि धावले.

आप्पा पलंगाखाली पडले होते. लागलं नव्हतं, कपडे ओले झाले होते. न्हाणीपर्यंत जायला निघाले असतील. त्यांना दोन्ही काखांत धरून उचललं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं. त्यांना कोरडं केलं, उशा लावल्या. ते काहीतरी पुटपुटत होते. कान नेला तर आक्काला शोधत होते, "सुवर्णा कुठाय?"

परत येऊन बसले तेव्हा माझे केस सुटले होते. दोघी तशाच बसल्या होत्या. म्हातारीनं विचारलं, वडील ठीक आहेत का. ठीक आहेत. मग तिनं पुढचा प्रश्न विचारला, तोच. "तुम्ही इकडं आल्यावर त्यांच्याकडं कोण बघेल?"

बहीण हा शब्द मला जर्मन शिकताना पहिल्या आठवड्यातच आला होता. उत्तरही तेच पाठ केलं होतं.

"माझा भाऊ," मी म्हटलं.

आक्का दिवेलागणीला आली. आप्पांचं अंग पुसून घेतलेलं, चादर बदललेली तिनं बघितली. "पडलेत?" तिनं विचारलं.

"व्हय."

"काख धरून उचलायचं न्हाय. त्यांचा हात आपल्या गळ्यात घालायचा, मग उचलायचं," ती म्हणाली. चार दिवसांत आमचं हे पहिलं धड बोलणं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

निवड झाली. ऑगस्टमध्ये जायचं.

आक्काला सांगितलं. तिनं ईमेल वाचायला मागितली नाही. म्हणाली, "मला पण सांगायचं हाय. होस्टेलात परत घेतात मला. पंधरा मार्चपासनं."

म्हणजे त्या दिवशी ती त्यासाठी गेली होती. त्यांनी तीच तारीख दिली होती, का तिनं मागून घेतली, मी विचारलं नाही. तिला मी माफ केलंय असंही नाही. पण ऑगस्टपर्यंत आप्पांचं मी बघते, दिवसपाळीच मागून घेते, तेवढा वेळ शेजारच्या बाईंना बसायला सांगते, असं म्हटलं. तिनं मान हलवली. आणि त्यानंतर काय, हे आम्ही दोघीही बोललो नाही.

१ मार्च, रविवार

अण्णा मिठाईच्या दुकानातून कुंदा घेऊन आला. "जिंकलीस!" दारातूनच ओरडला. आप्पांच्या तोंडात बोटभर घातला, माझ्या घातला. मग आक्काकडं वळला तर ती म्हणाली, "मला पण दे. मी निपाणीला चाललोय, कामावर."

अण्णा हसला. तिला हसू आलं नाही हे बघून थांबला. माझ्याकडं वळला. "आणि ही ऑगस्टला जाणार?"

"व्हय," मी म्हटलं.

"मग आप्पांचं कोण बघणार?"

आक्का गोळ्या मोजून डबीत भरत होती, ती भरत राहिली. माझ्या तोंडाशी आलं होतं काहीतरी, करू काहीतरी, बघू, मी तिकडनं पैसे पाठवतो, असलंच. ते मी गिळलं. त्याच्याकडं बघत राहिले. शेजारच्या मागांना रविवारची सुट्टी, त्यामुळं घर फारच शांत होतं.

"मी तिकडं तुझं नाव सांगितलोय, अण्णा," मी म्हटलं. "तुला न विचारता. आता विचारतो."

अण्णा कुंद्याचा पुडा हातात धरून तसाच उभा राहिला. त्याची बायको, त्याची दोन खोल्यांची जागा, त्याचं गिऱ्हाईक, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसत होतं. तो निघून जाईल असं वाटलं. चप्पल दारातच होती.

मग तो आप्पांच्या पायाशी नेहमीसारखा बसला नाही. उशाशी बसला. त्यांचा थरथरणारा हात त्यानं दोन्ही हातांत धरला, तरी तो थांबेना. वर न बघता त्यानं विचारलं,

"आक्का, रात्री किती येळा उठाय लागतंय?"

आक्कानं डबी खाली ठेवली, त्याच्यासमोर येऊन बसली आणि सांगायला लागली.